तिन्ही सेवा डॉकरमध्ये टाकल्या की सर्व्हर सुरक्षित झाला का?

मालक, तुमचा प्रश्न मला असा कळला: अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, ८ जीबी रॅमचा एकच उबुंटू सर्व्हर. त्यावरच बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी पीएचपीची ऑर्डर साइट, तिचा मायएसक्यूएल डेटाबेस आणि हिशेबाच्या फायली ठेवलेला सांबा (ऑफिसातल्या संगणकांना फायली वाटून देणारी सेवा). तिन्ही डॉकरमध्ये (प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) टाकले की झालं का, नाहीतर चरूट (सेवेला एकाच फोल्डरपुरतं बांधून ठेवणारी सोय) पुरेल का?

नाही झालं. साइट फुटली तर चोराच्या हाती काय लागू द्यायचं नाही, हे आधी ठरवा. तुमच्या बाबतीत ते उघड आहे: हिशेब. म्हणजे पक्की भिंत हवी ती साइट आणि सांबा यांच्यामध्ये. बाकीच्या भिंती सवडीने.

चरूट विसरा. ते १९७९ च्या युनिक्समधलं, सुरक्षेसाठी बनवलेलंच नाही. आत रूट (सगळे अधिकार असलेला युजर) मिळाला की बाहेर पडता येतं. ही उणीव भरायलाच फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीने २००० साली जेल ही जास्त पक्की सोय आणली. डॉकर त्याहून बरंच पुढे आहे, पण सगळ्या कंटेनरखाली कर्नल (प्रणालीचा गाभा) एकच. २०१९ मध्ये रनसीत (डॉकर ज्याने कंटेनर चालवतं तो प्रोग्राम) सापडलेल्या त्रुटीमुळे कंटेनरमधल्या रूटला होस्टवरची (खालच्या मूळ सर्व्हरवरची) रनसीची फाइलच बदलता येत होती. म्हणून इंटरनेटकडे तोंड असलेली साइट मी केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीने चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (सर्व्हरच्या आतला, स्वतःचं कर्नल असलेला वेगळा संगणक) ठेवीन. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, आत डेस्कटॉपशिवायचं किमान डेबियन (उबुंटूसारखंच एक लिनक्स) टाका. तुमच्या वापराला दीड-दोन जीबी रॅम पुरावी. मायएसक्यूएलही त्यातच राहू द्या: त्याचा पासवर्ड साइटच्या कॉन्फिगमध्ये असतोच, वेगळा ठेवून फार काही साधत नाही.

आता ‘किमान’बद्दल. अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) पाचेक एमबीची, शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) काढून टाकलेल्या इमेजही मिळतात. छान आहेत, पण पीएचपीच्या साइटला त्याचं फार कौतुक नको. बॅश हे शेल काढलं तरी पीएचपी स्वतःच घुसखोराला हवं ते चालवून देतं. त्यापेक्षा कोडचं फोल्डर वेब सर्व्हरच्या युजरला फक्त वाचता येईल असं करा, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करा आणि मशीनमधून बाहेर जाणारी जोडणी अडवा. अपडेट, डीएनएस आणि मेलपुरतीच वाट ठेवा. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर नियम लावायचे बहुतेक जण विसरतात, आणि घुसलेला माणूस पुढचं सामान त्याच वाटेने आणतो.

सांबा होस्टवरच राहिला तरी चालेल, पण त्याचा ४४५ पोर्ट (जोडणीचं दार) फक्त ऑफिसच्या लॅनला उघडा.

तरीही डॉकर वापरायचंच असेल, तर त्याची सॉकेट फाइल (डॉकरला आज्ञा द्यायची वाट) कुठल्याही कंटेनरला माउंट करू, म्हणजे आत जोडून देऊ नका. ती दिली म्हणजे होस्टचा रूटच दिला. डॉकरने बाहेर पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडतो, तेव्हा डेटाबेसचा पोर्ट १२७.०.०.१ वरच (सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता) बांधा. होस्टवर अपडेट केलं म्हणून कंटेनरच्या आतल्या लायब्रऱ्या अपडेट होत नाहीत, इमेज नव्याने बांधावी लागते. हे नियमाने करणारं कुणी ऑफिसात नसेल तर डेबियनच्या मशीनमध्ये आपोआप होणारी सुरक्षा अपडेट जास्त कामाची.

सगळं लावून झालं की साइटच्या मशीनमध्ये शिरून होस्टच्या ४४५ आणि २२ (दुरून लॉगिन करायच्या) पोर्टला जोडायचा प्रयत्न करा. एकही लागला तर आधी फायरवॉल बघा, साइट त्यानंतर चालू करा.