शाश्वत विकास म्हणजे नेमकं काय, आणि सामान्य माणसाला त्याचं काय?

प्रश्नात पुढं असंही विचारलंय की हे सगळं मोठ्या परिषदांपुरतंच आहे, की आपल्या जगण्याशी त्याचा काही संबंध येतो. परीक्षेसाठी विचारत असाल तर लिहून घ्या: १९८७, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला ब्रुंटलँड आयोग, त्याची व्याख्या: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवणं, २०१५, संयुक्त राष्ट्रं, शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, मुदत २०३०. मार्क मिळतील. पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

बाकीच्यांची उत्तरं वाचली. कापडी पिशव्या, सोलर, झाडं लावा. लावा की. पण हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर झाड येत नाही, आमचं ओढ्याकडचं पावणेतीन एकर काळं रान येतं. वाळवा तालुका, कृष्णाकाठ. आजोबांच्या वेळी त्यात शाळू आणि हरभरा निघायचा. मग लिफ्टचं, म्हणजे नदीतून पंपानं उचललेलं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि ऊस आल्यावर दुसरं काही करायचं कुणाच्या मनातही येईना. आडसालीला, म्हणजे दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाला, एकरी साठ टन आम्ही काढलेत. त्याच रानात एका वर्षी बावीस टन निघाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कांड्या उगवल्याच नाहीत.

पाणीपट्टी एकरावर असते. एकदा भरली की पाणी किती घेतलं हे कुणी मोजत नाही. त्यामुळं पाणी घ्यायची पाळी आली की पाट फोडायचा आणि सरी तुंबेपर्यंत सोडायचं. पाळी रात्रीची असेल तर दारं धरून, म्हणजे पाणी सरीत वळवून, बांधावर पडायचं. मीही पडलोय, खोटं कशाला बोलू. सकाळी उठून बघावं तर सगळ्या सऱ्यांत आभाळ दिसायचं, आणि ते बघून बरं वाटायचं.

उसाला पाणी नको असतं, वाफसा लागतो, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती. हे वाक्य आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे आणि एकही बाप्या ते पाळत नाही. काळ्या रानाला निचरा नसतो. वरून ओतलेलं खाली साठत जातं, पाण्याची पातळी वर वर येते, आणि उन्हाळ्यात तेच पाणी मातीतून वर चढून उडून जातं. मीठ मागं राहतं.

माझ्या बायकोचं माहेर जत तालुक्यात. जिल्हा एकच, सांगली, पण तिच्या लहानपणी दारात टँकर यायचा आणि तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती रानात डबा घेऊन आली. शेवटच्या सरीतून पाणी बाहेर पडून ओढ्याला चाललेलं तिनं बघितलं आणि विचारलं, “अहो, हे कुणाचं सांडतंय?” मी म्हणालो, आपलंच. ती काही बोलली नाही, डब्याचं फडकं सोडत बसली. ‘कुणाचं’ हा तिचा शब्द मात्र डोक्यातून गेला नाही. शाश्वत विकासाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

रानाच्या खालच्या टोकाला आधी लव्हाळा आला, मग पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ फुटायला लागलं. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांचं म्हणणं एकच: “रासायनिक खतानं रान मेलं.” मी म्हणायचो, पाण्यानं. भावकीच्या एका जेवणात, पंगत बसलेली असताना, ते म्हणाले, “कॉलेज शिकून आला आनि उसाला पानी कमी घाला म्हनतोय. उद्या म्हशीला वैरन कमी घाल म्हनंल.” सगळे हसले. मी वाढपी होतो, हातात आमटीची बादली.

मे महिन्यात मी एकट्यानं पहार-फावडं घेऊन तिथं खड्डा खांदला. साडेतीन फुटांवर माती ओली गच्च. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, आणि त्या रानाला महिनाभर पाळी दिली नव्हती. तात्यांना नेऊन दाखवलं. म्हणाले, “झरा असंल.” माती तपासून आणली, सामू (पीएच) ८.९, पिकाला जास्तच. त्यावर म्हणाले, कागदाला काय कळतंय.

२०१९ चा महापूर आला तेव्हा घरात चिखल, पण तात्या आतून खूश. एवढं पाणी फिरलंय, मीठ धुऊन गेलं असणार! पूर ओसरला, वर गाळाची पापडी राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मीठ जागच्या जागी. जायला वाटच नाही तर धुऊन जाणार कुठं?

आपल्याकडं असलं काही जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याच जिल्ह्यात येरळा नदीवरचं बळीराजा धरण बघून यावं. ऐंशीच्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी लोकवर्गणी आणि नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, आणि पाण्यात वाटा माणसाला धरला, जमिनीला नाही. भूमिहीनालाही वाटा. त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, हेही ठरवूनच. हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “त्यास्नी पानीच नव्हतं, म्हनून शहानपन सुचलं.” आमच्या एवढ्या वर्षांच्या भांडणात त्यांचं हे एकच वाक्य मला खोडता आलेलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाकडं. का महत्त्वाचं? कारण रान एकट्याचं नसतं. वरच्यानं जास्त पाजलं की खालच्याचं रान चिबडतं, पाणी साठून नासतं. उपाय आहे: जमिनीखाली चारेक फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे आणि साठलेलं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पण आमचा मुख्य पाइप तिघांच्या रानातून जाणार होता. दोघांनी हो म्हटलं, तिसऱ्यानं चार वर्षं अडवलं. त्याच्याही बांधाला मीठ फुटलं तेव्हा तो आपणहून घरी आला. १७ उद्दिष्टांत जमीन आहे, पाणी आहे, पण बांधशेजारी कुठं दिसला नाही मला.

आता थोडं राहिलेलं. ज्यांचं रान अजून चांगलं आहे त्यांनी ठिबक करा. आमच्यासारखं बिघडलेलं असेल तर नुसत्या ठिबकनं भागणार नाही, आधी निचरा. जिप्सम फक्त चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीला, तेही निचरा झाल्यावर. दुकानदाराच्या सांगण्यावरून आधी टाकलं तर पैसे मातीत, मी घालून बसलोय. माती तपासा, कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांना विचारा. आमच्या पाइपातलं खारं पाणी ओढ्यातून कृष्णेलाच जातं आणि खाली कुणीतरी ते पितं, म्हणजे आमचाही हिशेब सरळ नाही. आणि हेही सांगितलं पाहिजे की माझ्या कॉलेजची फी त्याच रानातल्या उसानं भरली. तात्यांनी भरली.

पाइप टाकून दुसरं वर्ष चालू आहे. धैंचा हे हिरवळीचं खत गाडलं, यंदा निम्म्या रानात गहू उभा आहे, उरलेलं अजून पांढरंच. पाणी बाहेर पडतं तिथं सिमेंटचं चेंबर केलंय. तात्या रोज संध्याकाळी काठी टेकत तिथवर जातात. परवा मी मागं उभा होतो. त्यांनी वाकून धारेत बोट धरलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

“खारट हाय,” म्हणाले. “बघ, खताचंच मीठ.”