जागरणाच्या गोळीविषयी

प्रिय मित्रा,

परीक्षेच्या दिवसांत रात्रभर जागता यावं म्हणून वर्गातले काही जण अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घेतात, मीही घेऊ का, असं तू विचारलंस. घेऊ नकोस. पण नुसत्या नकारानं तुझं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून ती गोळी शरीरात काय करते ते सांगतो.

आधी कॉफी. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येऊ लागते. कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन मात्र तिथंच असतं. घेतलेलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण 5 तास लागतात, म्हणून संध्याकाळची कॉफी मध्यरात्रीही झोपू देत नाही.

अ‍ॅम्फेटामिनचं काम याहून फार खोलवर चालतं. रसायनशास्त्रज्ञ लाझार एदेलेआनू यांनी 1887 मध्ये ते तयार केलं. त्याची रचना आपल्या मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाशी इतकी मिळतीजुळती आहे की चेतापेशीला ते परकं वाटतच नाही. बाहेर सोडलेलं डोपामिन परत आत ओढणारी वाहक प्रथिनं पेशीच्या आवरणात असतात. अ‍ॅम्फेटामिन त्यांच्यातूनच आत शिरतं, डोपामिनच्या साठ्याच्या पिशव्या रित्या करतं आणि वाहकांची दिशाच उलटवतं. कोकेन याच वाहकांना नुसतं अडवून धरतं. अ‍ॅम्फेटामिनच्या रेणूला एक मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटासा तुकडा) जोडला की मेथअ‍ॅम्फेटामिन होतं. ते मेदात सहज विरघळतं, त्यामुळे मेंदूत लवकर पोचतं. एवढासा बदल, पण व्यसनाची पकड किती घट्ट!

शरीराला सावध करणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायनही असंच उसळतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. या सगळ्यात थकव्याचा इशारा तेवढा ऐकू येत नाही. 1967 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा सायकलपटू मों व्हान्तू या डोंगराच्या चढावर रणरणत्या उन्हात पडला, पुन्हा सायकलवर बसला आणि थोड्याच अंतरावर कोसळून मरण पावला. वय 29. शवविच्छेदनात अ‍ॅम्फेटामिन आणि मद्य सापडलं. पडल्यावरही तो पुन्हा सायकलवर चढला, हे मला विसरता येत नाही.

अभ्यासाचं म्हणशील, तर वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि ही गोळी नेमकी तीच हिरावून घेते. आपण फार छान वाचतोय असं मात्र वाटत राहतं.

एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असलेल्यांना डॉक्टर अशीच औषधं देतात, आणि त्यांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. तिथं निदान झालेलं असतं, मात्रा ठरवलेली असते, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष असतं. मित्राच्या डबीतून घेतलेल्या गोळीला यातलं काहीच नसतं.

आणि एक. गोळी घेतलेल्या कुणाच्या छातीत दुखू लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, झटके आले किंवा तो भलतंच बरळू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नकोस. लगेच रुग्णालयात ने, आणि त्यानं काय घेतलंय ते डॉक्टरांना खरंखरं सांग. घरी कळेल, बदनामी होईल, हे सगळं नंतर बघता येईल.

तुझे सर