छोटी क्रूझ जहाजं चालली कुठे? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या वेळी जाता जाता, जुनी आणि छोटी क्रूझ जहाजं एकेक करून काढून टाकली जातायत अशा दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. बरेचसे एकाच अर्थाचे होते, ते एकत्र केलेत, बाकीचे जसे आले तसे.

माझं आवडतं जहाज जेमतेम २५-३० वर्षांचं, इंजिन ठणठणीत, आतून चकाचक, तरी कंपनीने काढून टाकलं. जहाज म्हातारं झालं की फेकायचं, असंच असतं का?

वयाचा संबंध आहे पण तुम्हाला वाटतो तसा नाही. पोलादाचं जहाज नीट सांभाळलं तर ४०-५० वर्षं आरामात चालतं. स्वीडिश कंपनीचं १९४८ सालचं स्टॉकहोम आठवतंय का, ज्याने १९५६ ला आंद्रेआ डोरिया या इटालियन प्रवासी जहाजाला धडक दिली तेच, ते नावं बदलत बदलत शेवटी अस्टोरिया म्हणून २०२० पर्यंत प्रवासी नेत होतं आणि २०२५ मध्ये बेल्जियमच्या गेंटला मोडायला गेलं. म्हणजे पत्रा काही इतक्या लवकर हार मानत नाही.

हार मानतो तो हिशोब. कॅप्टन एकच लागतो, मग प्रवासी २००० असोत की ६०००. ब्रिजवरचे (जहाज जिथून चालवतात तिथले) अधिकारी, इंजिन कंट्रोल रूम, दवाखाना, बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटचे पैसे, यातलं काहीच प्रवाशांच्या प्रमाणात वाढत नाही, आणि इंधनाचंही तसंच, प्रवासी दुप्पट झाले म्हणून तेल दुप्पट जळत नाही. त्यामुळे माणशी खर्च मोठ्या जहाजावर कमी पडतो. आणि तिकिटाचं काय, ते बऱ्याचदा फक्त तुम्हाला आत घ्यायला असतं, खरी कमाई आत गेल्यावर, कॅसिनो, ड्रिंक्स पॅकेज, जास्तीचे पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट्स, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या टूर्स. जुन्या जहाजावर हे सगळं विकायला जागाच नाही, दोन डायनिंग हॉल, एक थिएटर, एक स्विमिंग पूल, झालं.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, बाल्कनी. १९९० च्या आसपासच्या जहाजांत बहुतेक केबिन्स खालच्या भागात, गोल किंवा चौकोनी खिडकीवाल्या नाहीतर बिनखिडकीच्या, आणि हॉल, लाउंज वगैरे वरती. नंतर डिझाइनच उलटं झालं, लाइफबोटी खाली आणल्या आणि त्यांच्या वर केबिन्सचे मजलेच्या मजले, प्रत्येकीला बाल्कनी. आज गिऱ्हाईक बाल्कनीसाठी बरेच जास्त पैसे मोजतं आणि जुन्या जहाजाला ती नंतर लावणं म्हणजे जुन्या इमारतीवर चार मजले चढवण्यासारखं, वरचं वजन वाढलं की जहाजाच्या स्थिरतेचाच प्रश्न येतो. थोड्या लावता येतात, कार्निव्हल या अमेरिकन कंपनीने आपल्या फँटसी क्लासच्या (एकाच आराखड्याच्या) काही जहाजांवर लावल्याही, पण अख्खं जहाज बाल्कनीचं होत नाही.

मग मोठं रिनोव्हेशन का करत नाहीत? करतात ना, पण ज्यात पैसे परत येतील त्यात. कार्निव्हलने डेस्टिनी जहाजावर १५५ मिलियन डॉलर घालून २०१३ ला तिची सनशाइन केली, ट्रायम्फवर २०० मिलियन घालून २०१९ ला सनराइज. ही दोन्ही एक लाख ग्रॉस टनांच्या वरची (हे वजन नाही, आतल्या जागेचं माप, खाली सांगतो). ७० हजार टनांच्या जहाजावर तेवढे ओतायला कोणी तयार होत नाही, कारण शेवटी केबिन्स तेवढ्याच राहतात.

हे सगळं कोविडमुळेच झालं ना? नाहीतर ही जहाजं अजून चालली असती?

काही वर्षं नक्की चालली असती. कोविडने यादी बनवली नाही, यादी तयारच होती, कोविडने फक्त तारीख अलीकडे आणली. २०२० मध्ये कार्निव्हलची पालक कंपनी कार्निव्हल कॉर्पोरेशनने १८ जहाजं काढायचं जाहीर केलं तेव्हा स्वतःच सांगितलं की ही १८ मिळून त्यांच्या आधीच्या क्षमतेच्या साधारण १२ टक्के, पण २०१९ च्या ऑपरेटिंग नफ्यात त्यांचा वाटा फक्त ३ टक्के. हा एक आकडा वाचला की बाकी काही वाचायची गरज नाही. जहाज बंद असलं तरी खर्च चालूच, माणसं लागतात, जनरेटर चालू ठेवावा लागतो, इन्शुरन्स आहे, आणि वर नवीन जहाजं युरोपातल्या शिपयार्डमध्ये आधीच ऑर्डर केलेली, ती रद्द करता येत नाहीत. मग काय, जुनी गेली.

फँटसी क्लासची ८ जहाजं होती, १९९० ते १९९८ मधली. त्यातली फँटसी, इन्स्पिरेशन, इमॅजिनेशन, फॅसिनेशन २०२० ला ताफ्यातून बाहेर, सेन्सेशन आणि एक्स्टसी २०२२ ला. उरली दोन, इलेशन आणि पॅराडाइज.

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाचं वजन अडीच लाख टन म्हणतात, एवढं वजन तरंगतं कसं?

ते वजन नाहीच. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतली बंदिस्त जागा मोजायचं माप. आयकॉन २,४८,६६३, टायटॅनिक सुमारे ४६,३००, म्हणजे आयकॉनमध्ये पाच टायटॅनिकएवढी जागा. १९८८ ला आलेलं सॉव्हरिन ऑफ द सीज त्या काळातलं अवाढव्य क्रूझ जहाज, आणि ते होतं ७३ हजारांचं. आज ७३ हजार म्हणजे "छोटं"!

जुनी जहाजं शेवटी जातात कुठे? तुर्कस्तानातले ते फोटो बघून वाईट वाटलं.

ते फोटो आलियागाचे, इझमीरच्या वरच्या अंगाला. २०२० च्या शरद ऋतूत एका रांगेत पाच क्रूझ जहाजं किनाऱ्याला नाक लावून उभी होती, त्यात मी वर लिहिलेलं सॉव्हरिन आणि त्याचं भावंड मोनार्क पण होतं, आणि कार्निव्हल फँटसी पण. तिथे पुढचा भाग किनाऱ्यावर ओढतात आणि मागचा पाण्यात तरंगतो, पुढून कापत कापत जहाज आत घेतात. गुजरातेत अलंगला पद्धत वेगळी, तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगात वाळूवर चढवतात आणि पाणी उतरलं की ते बसतं. २०२१ च्या सुरुवातीला मार्को पोलो आणि मॅगेलन ही क्रूझ जहाजं तिथेच गेली, आणि त्याच्या थोडं आधी कर्णिका, १९९० ची मूळची क्राउन प्रिन्सेस.

युरोपियन युनियनचा झेंडा असलेलं जहाज मान्यता असलेल्या यार्डातच मोडावं लागतं आणि आलियागाच्या काही यार्डांना ती मान्यता आहे, म्हणून तिकडे गर्दी. जहाजं सुरक्षितपणे मोडण्याबद्दलचा हाँगकाँग करार जून २०२५ पासून लागू झालाय, त्यामुळे जहाजात ॲस्बेस्टॉससारखं धोकादायक काय काय आणि कुठे आहे याची यादी आता जहाज मोडायला जायच्या आधी हवीच. कामगारांच्या दृष्टीने हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं मत. मालवाहू जहाजात पोलाद जास्त आणि कटकट कमी, क्रूझ जहाजात मात्र फर्निचर, केबल्स, इन्सुलेशन, कार्पेट, हे सगळं काढतानाच जीव जातो.

पण सगळी थेट कापायला जात नाहीत हां. कंपन्यांची एक उतरंड आहे, वरच्याने टाकलेलं खालचा घेतो. हॉलंड अमेरिका कंपनीची ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम ही जहाजं फ्रेड ओल्सन कंपनीकडे बोलेट आणि बोरियालिस झाली आणि मस्त चालली आहेत. रॉयल कॅरिबियनचं एम्प्रेस ऑफ द सीज भारतात कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीकडे आलं. आणि सगळ्यात अफलातून कथा पॅसिफिक डॉनची, १९९१ चं जहाज, २०२० च्या शेवटी काही क्रिप्टोवाल्यांनी घेतलं, नाव ठेवलं सातोशी, पनामाजवळ उभं करून त्यात बिटकॉइनवाल्यांची तरंगती वसाहत करायची होती. इन्शुरन्सच मिळेना! शेवटी विकलं, आणि आज ते ॲम्बियन्स नावाने ब्रिटिश आजी-आजोबांना नॉर्वे फिरवतंय. हॉटेल होणारी फार थोडी, लाँग बीचचं क्वीन मेरी आणि दुबईचं क्यूई२ (क्वीन एलिझाबेथ २) यांची नावं मोठी म्हणून ती वाचली, कुठल्याही साध्या जहाजाला तो खर्च झेपत नाही.

म्हणजे छोटी जहाजं संपलीच म्हणायची?

छोटी नाही संपणार, स्वस्त आणि छोटी संपत चाललीत, आणि मला राग येतो तो याचाच. वायकिंगची ९३० प्रवाशांची जहाजं २०१५ पासून एकामागून एक येतायत, रिट्झ-कार्लटन, एक्सप्लोरा असे हॉटेलवाले नि लक्झरीवाले पण उतरलेत, पण त्यांचं भाडं बघितलंत तर डोळे पांढरे होतील. पूर्वी साध्या नोकरदार माणसाला १५००-२००० प्रवाशांचं, निवांत, लाटांचा आवाज येणारं जहाज परवडायचं, तो मधला वर्ग हळूहळू गायब होतोय.

काही ठिकाणी मात्र भूगोलच छोट्यांना वाचवतो. फ्लोरिडात टँपाला जायचं तर सनशाइन स्कायवे पुलाखालून जावं लागतं, उंची साधारण ५५ मीटर, आजची मोठी जहाजं खालून जातच नाहीत. म्हणून पॅराडाइज तिथे टिकून आहे. बाल्टिमोरलाही चेसापीक बेच्या पुलामुळे हीच गत. इटली सरकारने ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यात बंदी घातली. केमन बेटांवर मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधायचा का यावर २०२५ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं, म्हणजे तिथे अजून नांगर टाकून छोट्या बोटींनीच किनाऱ्यावर जायचं आणि ६००० माणसं अशी उतरवायची म्हणजे अर्धा दिवस रांगेतच.

कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे बंदरच स्वतःचं. रॉयल कॅरिबियनचं कोकोके, एमएससीचं ओशन के, कार्निव्हलचं जुलै २०२५ ला सुरू झालेलं सेलिब्रेशन की, सगळी बहामात, धक्का त्यांचा, दुकानं त्यांची, खुर्ची पण त्यांची. हुशारी आहे, पण एखादं जुनं गाव बघायला मिळणं वेगळं आणि हे वेगळं.

जुनं जहाज सुरक्षित असतं का? की नवीनच घ्यावं?

चालू असलेलं जहाज तपासण्या पास करूनच चालतं, दरवर्षी सर्व्हे, ५ वर्षांत कमीत कमी दोनदा ड्राय डॉक, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन तपासणी-दुरुस्ती. खूप जुनी, भरपूर लाकूडकाम असलेली जहाजं ऑक्टोबर २०१० च्या आगीच्या नियमाने आधीच गळाली. पण एक फरक खरा आहे. जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरलं तरी स्वतःच्या जोरावर बंदर गाठता आलं पाहिजे असा नियम आहे. २०१३ ला कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिन रूमला आग लागून ते मेक्सिकोच्या आखातात बंद पडलं, टॉयलेट्ससकट, ते १९९९ चं होतं, त्याला हा नियम नव्हता. यावरून घाबरू नका, फक्त माहीत असू द्या.

मोठी जहाजं एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतात, मग ती पर्यावरणाला चांगली ना?

धूर आणि गंधक खूपच कमी, हे खरं. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, इंजिनातून थोडा न जळता सुटतो आणि २० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास तापवतो. त्यामुळे जाहिरातीत लिहिलेलं "हिरवं" अर्धंच खरं.

पुढच्या वर्षीचं बुकिंग आहे आणि जहाज विकणार अशी कुजबुज ऐकली. आई-बाबा पण बरोबर आहेत. काय करू?

पहिलं बघा, एका तारखेनंतर त्या जहाजाचं बुकिंग उघडलेलंच नाही असं आहे का, त्याच बंदरात त्याच दिवसांना नवीन जहाज लावलंय का, आणि ड्राय डॉकची तारीख जवळ असून जाहीर झाली नाहीये का. तिन्ही असेल तर कुजबुज खरी धरा. करारात जहाज बदलायचा किंवा ट्रिप रद्द करायचा हक्क कंपनीकडे असतो, तुम्हाला सहसा पूर्ण परतावा किंवा दुसऱ्या जहाजावर जागा मिळते. विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्याचे पैसे मिळतीलच असं नाही, म्हणून ते बदलता येणारं घ्या किंवा थोडं थांबून घ्या.

दुसऱ्या जहाजावर हलवलं तर केबिनचा प्रकार लेखी विचारा. मोठं जहाज लाटांत कमी हलतं, डॉक्टर-लिफ्ट सगळं बरं असतं, पण चालणं भयंकर, आयकॉन ३६५ मीटर लांब आहे आणि केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला आलं तर दिवसातून सहा वेळा ते चाला. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून मधल्या लिफ्टजवळची केबिन मागा, एखाद-दुसरा डेक खालीवर झाला तरी चालेल.