ऑर्केस्ट्राचे वादक समोरचे कागद पाहूनच वाजवतात, मग कंडक्टरचं काम काय? आणि कंडक्टर होतात तरी कसं?

प्रश्न रास्त आहे. वादकांपुढे स्वरलिपी असते, ती त्यांना चोख वाचता येते आणि कंडक्टरच्या काडीतून एकही सूर निघत नाही. कंडक्टरशिवाय ऑर्केस्ट्रा चालतोही. मॉस्कोचा पेर्सिमफान्स १९२२ ते १९३२ तसाच वाजवत होता, न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून वाजवतो आहे. फक्त तिथे प्रत्येक गोष्ट चर्चा करून ठरते आणि तालमी खूप जास्त लागतात. सत्तर-ऐंशी वादक आणि हाताशी जेमतेम तीन-चार तालमी असतील, तर ठरवणारा माणूस एकच असावा लागतो.

शिवाय अंतराचा प्रश्न आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पहिल्या व्हायोलिनांच्या १५ मीटर मागे बसलेल्या ट्रम्पेटवाल्याला त्यांचा सूर सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून वाजवू लागला, तर त्याचा सूर पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ, म्हणजे श्रोत्यासाठी दुप्पट उशीर. म्हणून मागे बसणाऱ्यांनी कानापेक्षा काडीवर भरवसा ठेवायचा असतो.

उजवा हात मात्रा दाखवतो. चार मात्रांचा बार (स्वरलिपीतला एक खण) असेल तर खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनचा असेल तर खाली, उजवीकडे, वर. एवढं तासाभरात येतं. कठीण असतं ते ठोक्याच्या आधीचं. सूर निघण्यापूर्वी कंडक्टर हात उचलतो आणि श्वास घेतो. लय किती, आवाज किती, सुरुवात टोकदार की मऊ, हे सगळं त्या एका उचलण्यातून वादकांना कळलं पाहिजे. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात घ्या. सगळ्यांना ते चार सूर माहीत असतात, पण कागदावर त्यांच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती आहे. बेथोवनने दिलेल्या गतीने ती जेमतेम सेकंदाच्या सातव्या भागाएवढी भरते. म्हणजे ठोका पडतो तो शांततेवर, आणि तंतुवाद्यं व क्लॅरिनेट त्याच्या पाठोपाठ उठतात. उचल जराशी संथ झाली की अर्धे वादक आधी येतात, अर्धे नंतर. घाबरून दोन-तीन मात्रा आधी मोजून दाखवल्या तर वादक एकत्र येतात खरे, पण त्या सुरुवातीचा धक्काच निघून जातो.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. मोठ्या ऑर्केस्ट्राचा सूर ठोक्याच्या किंचित मागून येतो. नवखा माणूस तो ऐकू येईपर्यंत हात रोखतो, वादक त्याच्या हाताची वाट बघतात, आणि दोघं एकमेकांसाठी थांबत दहा-बारा बारांत लय पार मंदावून टाकतात. हात पुढेच राहिला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे डावा हात उजव्याची नक्कल करत राहणं. त्याने आवाज चढवायचा-उतरवायचा असतो, कुणाला तरी ‘आता तुम्ही’ असं सांगायचं असतं. पन्नास बार गप्प बसलेल्या वादकाला योग्य क्षणी नुसती नजर मिळाली तरी केवढा आधार वाटतो! तिसरी चूक: हळू वाजवायच्या जागी मोठे हातवारे. हात मोठा झाला की आवाज मोठा होणारच, तोंडाने कितीही ‘हळू’ म्हणा.

पण निम्म्याहून जास्त काम तालमीच्या आधी, स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी, घेऊन टेबलापाशी होतं. एका पानावर वीस-पंचवीस ओळी असतात आणि सगळ्या जशा दिसतात तशा वाजत नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावरचा ‘सी’ हा सूर ऐकू येतो बी फ्लॅट. एफ हॉर्नचा ‘सी’ ऐकू येतो खालचा ‘एफ’. आधी रचनेचे मोठे तुकडे पाडायचे, मग वाक्यं, मग प्रत्येक ओळ गाऊन पाहायची. गाता येत नाही ती ओळ अजून ऐकलेलीच नाही, असं मी मानतो. गज कुठे खाली, कुठे वर, हे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाशी बोलून आधीच ठरवावं, कारण पहिल्या तालमीत सगळ्यांच्या कागदांवर त्या खुणा करत बसलात तर अर्धा तास गेलाच.

एक तालीम साधारण अडीच-तीन तासांची असते. थांबवलंत तर आधी कोण, मग कुठे, मग काय, या क्रमाने सांगा: ‘दुसरे हॉर्न, ‘डी’ अक्षरानंतर चौथा बार, सूर छोटा.’ (‘डी’ ही जागा चटकन सापडावी म्हणून कागदावर छापलेली खूण.) भावनेवर भाषण नको. वादकांना लांब, छोटा, आधी, नंतर, मोठा, लहान असेच शब्द उपयोगी पडतात.

व्यवसायात शिरायचे रस्ते थोडेच आहेत. आधी एखादं वाद्य उत्तम यायला हवं. पियानो येत असेल तर फारच बरं. ऑपेरागृहात गायकांना पियानोवर तयार करून घेण्याची नोकरी हा जुना आणि माझ्या मते सगळ्यात पक्का रस्ता. हंगेरीचा कंडक्टर गेओर्ग शोल्टी बुडापेस्टमध्ये तसाच घडला. स्पर्धा हा दुसरा: जपानचा सेजी ओझावा १९५९ मध्ये फ्रान्समधल्या बेझांसोंची स्पर्धा जिंकून पुढे आला. तिसरा सहाय्यकपदाचा. सहाय्यकाने सभागृहात बसून आवाजाचा तोल ऐकायचा आणि कार्यक्रमाची प्रत्येक रचना तयार ठेवायची. १४ नोव्हेंबर १९४३ ला ठरलेला कंडक्टर ब्रूनो वाल्टर आजारी पडल्यावर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा सहाय्यक लेनर्ड बर्नस्टाइन एकाही तालमीशिवाय उभा राहिला, कारण त्याची तयारी होती. पुढे संगीत दिग्दर्शकपद, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या प्रमुख कंडक्टरची जागा, मिळालं की वादकांची निवड आणि दोन-तीन वर्षं पुढचे कार्यक्रम ठरवणं हेही गळ्यात पडतं. त्यातून प्रवास इतका, की घरी राहणं कमीच.

व्हायोलिनवाला घरी रियाज करतो. कंडक्टरचं वाद्य घरी नसतं. तेव्हा आठ-दहा वादक मित्र जमवा, एखादी छोटी रचना घ्या आणि समोरून व्हिडिओ करा. मग आवाज पूर्ण बंद करून तो संगीत जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. लय किती होती, कुठे आवाज वाढला, कुठल्या वाद्याला कधी बोलावलं, हे त्याने नुसतं पाहून सांगितलं, तर हात कामाला लागलेत.