क्लाससाठी उचल वाढवून घेऊ का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही शिरूर कासार तालुक्यातले ऊसतोड कामगार, वंजारी समाजाचे. मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ८६ टक्के होते. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. बीडच्या क्लासवाल्यांनी सीईटीच्या तयारीचे ८० हजार सांगितले. मुकादमाची एक लाख उचल अंगावर आहेच, तो अजून ८० द्यायला तयार आहे. तोडणीचा भाव टनाला ३६६ रुपये आहे. दिवाळीच्या आधी आम्ही निघू, मुलगी आजीपाशी राहील. सोयरे म्हणतात, इंजिनिअरिंग आपल्याला झेपायचं नाही, पोरीचं उरकून टाक. उचल घेऊ का? (पत्र मुलीच्या अक्षरात, खाली सही वडिलांची. नाव छापलेलं नाही.)

उत्तर :

दादा, नमस्कार.

उचल वाढवू नका.

तुमच्या पत्राच्या कोपऱ्यातच मी हिशेब मांडला. ८० हजार भागिले ३६६, म्हणजे जवळजवळ २१९ टन ऊस. तुम्ही दोघं मिळून रोज दोन टन तोडता असं धरलं, तर ११० दिवस. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखाना किती दिवस चालतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम क्लासवाल्याच्या नावावर, आणि आधीचा लाख तसाच. बाकी फिरली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत, तो नेईल त्या कारखान्यावर जाणं आलं.

क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण सप्टेंबर संपत आलाय, आणि उरलेल्या पाचसहा महिन्यांत ८० हजारांचं असं काय शिकवणार? इंजिनिअरिंगच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि गणित, प्रत्येकी ५० प्रश्न. गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, बाकीचे एकेक मार्काचे, एकूण २००. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे, सगळे राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. मुलीला सांगा, पुस्तकाच्या स्वाध्यायातलं एकेक गणित स्वतः सोडव आणि जानेवारीपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून दे. गणित अडलं तर कॉलेजच्या सरांना गाठ. मी अंबाजोगाईत बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं. तास सुटल्यावर वही घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरीला मास्तर सहसा हाकलत नाही.

अभ्यासाचं एवढं पुरे. माझी खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या भागातली पोरं मार्कांवाचून जितकी मागे राहतात, तितकीच कागदांवाचून राहतात. आणि तुमच्या घराची अडचण अशी, की कागद करायच्या दिवसांत सही करणारा माणूस उसाच्या फडात असतो.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे यायचा. आईबाप कर्नाटकात ऊस तोडायला. सीईटीला ९१ पर्सेंटाइल आले, आम्ही पेढे खाल्ले. नेट कॅफेवाल्याने त्याचा प्रवेशाचा फॉर्म भरला आणि घरात होतं ते नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, जोडून दिलं. त्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली होती. तपासणीत त्रुटी निघाली, तिचा मेसेज वडिलांच्या नंबरवर गेला. फडावर असताना रिचार्ज संपून ते सिम केव्हाच बंद पडलेलं. मेसेज कुणी पाहिलाच नाही आणि पोरगा खुल्या प्रवर्गात गेला. सरकारी कॉलेज हातचं गेलं. चूक माझीही होती. मी त्याचं मार्कपत्रक तीनदा पाहिलं, दाखल्यावरची तारीख एकदाही नाही.

म्हणून गाडीत बसायच्या आधी तुम्हाला दोनतीन दिवस मोडावे लागतील. त्यातलं सगळ्यात जड काम जात पडताळणीचं.

तुमचा प्रवर्ग भटक्या जमाती (ड). इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला नुसतं जातीचं प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी बीडच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. त्याला वंशावळीचं शपथपत्र लागतं आणि ते तुम्ही करायचं, आजीने नाही. नोव्हेंबरात तुम्ही फडात आणि पोरगी तहसीलच्या आवारात रडत उभी, असं व्हायला नको.

पुरावा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पाहिजे. त्यात आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा सगळ्यात चांगला. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर चुलत आजोबांचा चालतो, फक्त नातं वंशावळीत दिसलं पाहिजे. जुना महसुली कागदही उपयोगी पडतो, पण मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद कधी उर्दूत, कधी मोडीत असतात. वाचणारा शोधण्यात आठवडा जातो. ही सगळी पायपीट वाचवायचा एक रस्ता आहे. भावकीत कुणाकडे वैधता आहे का बघा. सख्खा भाऊ, चुलता, चुलत भाऊ, कुणी नोकरीला लागलेला, कुणी निवडणुकीला उभा राहिलेला. बापाकडून रक्ताच्या नात्यात एक वैधता निघाली, तर तिची प्रत जोडली की काम फार हलकं होतं. भावकीतल्या माणसाशी बांधाचं भांडण असेल तर एवढ्यापुरतं बाजूला ठेवा. वैधतेची प्रत दिल्याने त्याचं काही जात नाही.

काही वर्षी सरकारने वैधता आणून द्यायला प्रवेशानंतर मुदत दिली, हे खरं. त्या भरवशावर मात्र बसू नका.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअर. सेतूवाला विचारेल, एक वर्षाचं की तीन वर्षांचं? तीन वर्षांचं सांगा. त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तलाठ्याकडे जाल तेव्हा उत्पन्नही तीन वर्षांचंच घ्या. एक वर्षाचं आत्ता काढलं, तर पुढच्या जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी त्याची ३१ मार्च उलटलेली असेल. हातात आल्यावर तारीख मुलीला मोठ्याने वाचायला लावा. जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या आणि शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावाचं, तुमच्या नावाचं आणि आडनावाचं अक्षर न् अक्षर एक आहे का, तेही तिलाच तपासू द्या. एका दाखल्यात ‘बाबू’ आणि दुसऱ्यात ‘बाबुराव’ एवढ्यावर पोरांना शपथपत्र घेऊन पळताना पाहिलंय मी. डोमिसाईल नसेल तर त्याच फेरीत उरकून टाका.

तिसरी गोष्ट कागद नाही, सिमकार्ड आहे. मुलीच्या नावाचं, मुलीच्या हातात राहील असं. ते तिच्या आधारला जोडून घ्या, आणि तिचं बँक खातंही आधारला जोडलेलं आहे का, ते बँकेत विचारा. सीईटीचा फॉर्म, प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळीकडे ओटीपी. तो तुमच्या मोबाईलवर आला तर तुम्ही मोळ्या बांधत असता, मोबाईल खोपीत असतो, आणि इकडे कॅफेत पोरगी आणि तिच्यामागे दहा जणांची रांग. पासवर्ड तिने वहीत लिहावा, कॅफेवाल्याच्या डोक्यात ठेवू नये. सीईटीचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणजे तुमच्या पाठीमागेच, आणि ते तिलाच भरायचे आहेत.

आता सोयऱ्यांच्या ‘झेपायचं नाही’बद्दल. सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून प्रवेश मिळाला, तर तुमच्या प्रवर्गाला आणि तुमच्या उत्पन्नाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून मिळतं. (ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींनाही ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही फी पूर्ण माफ झाली. इतर वाचक आईबापांनी हे लक्षात ठेवावं.) मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे काही मिळत नाही. ‘आमच्याकडे या, सीट पक्की करून देतो’ असा फोन येईल तेव्हा हे आठवा. फोन येतोच.

जेवण आणि राहणं उरतं, आणि खरा खर्च तोच आहे. पुण्यासारख्या शहरात सरकारी वसतिगृह नाही मिळालं, तर इतर मागास, विमुक्त आणि भटक्यांच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. पण पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, तेव्हा पहिले तीनचार महिने स्वतः काढायची तयारी पाहिजे. त्यासाठी घरात काही रक्कम बाजूला टाकता आली तर टाका. क्लाससाठी घेणार होतात त्याच्या चौथाईनेही भागेल. पुण्यात १९५५ पासून चालत आलेली विद्यार्थी सहायक समिती खेड्यातल्या गरजू मुलामुलींना कमी पैशांत ठेवून घेते आणि कामालाही लावते. निकालानंतर लगेच तिचा फॉर्म भरायला सांगा.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मात्र मला फोन करायला सांगा. यादी तीनशे पर्यायांची असू शकते, पण पोरं दहाबारा नावं भरून थांबतात आणि तीही ऐकीव. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, सगळ्यांच्या तोंडी असतं. ते जरूर वर ठेवावं. पण नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, ही आपल्याजवळची. लांबचं म्हणजे चांगलं, हे आपल्याकडे कुठून शिरलं कुणास ठाऊक. आणि कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून कुठल्यातरी नव्या, माळरानावरच्या कॉलेजात जाण्यापेक्षा सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स मी कधीही घेईन. तिला पटणार नाही. भांडू आम्ही.

सीईटीत मनासारखं झालं नाही तरी रस्ता बंद नाही. सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि विदर्भातून सुरू झालेली राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अशा प्रवेशांसाठी मदत करते. त्याचं सविस्तर मुलीलाच लिहीन.

‘उरकून टाक’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? वाद घालू नका. बारावीचा पेपर आहे, असं सांगा. मग सीईटी आहे, मग प्रवेश आहे. एवढ्यात पुढची दिवाळी येते. एक गोष्ट मात्र कबूल करा. दिवाळीच्या सुटीत तिला आठ दिवसांसाठी भाकरी थापायला फडावर नेऊ नका. ते आठ दिवस नेहमी पंधरा होतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आजीला फोन लावता येतो का? नसेल तर शेजारचं कुणी बघून ठेवा.

दसऱ्याच्या आत शपथपत्र आणि तीन वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर एवढं झालं तरी मला कळवा. भावकीत वैधता कुणाची निघाली तेही लिहा. आणि पुढच्या पत्रात नंबर मुलीचा घाला, तुमचा दोनदा लावला तर बंद आला.