नांगराची खूण आणि सोन्याचं पाणी

गेल्या अंकात ‘पेनी ब्लॅक’ या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि वाचकांनी कपाटं उघडली. यावेळची बहुतेक पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतात: पोस्टाच्या तिकिटाचं चित्र उठवलेल्या चांदीच्या छोट्या लगडी. पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयात माझी नोकरी झाली. त्याच्या जवळच ‘काझा द मोएदा’ हे घर आहे. १८३४ पासून काही वर्षं तिथे पोर्तुगीजांची टांकसाळ होती. तिकीट आणि टांकसाळ असे शेजारी नांदलेले मी रोज पाहिले, पण एका पेटीत दोन्ही बघायला मिळतील असं काउंटरवर बसून कधी वाटलं नव्हतं.

मास्तर, नमस्कार. माझे सासरे तारवटी होते, इंग्लंडच्या बोटींवर पुष्कळ वर्षं काढली. त्यांच्या पेटाऱ्यात निळ्या मखमलीची एक पेटी सापडली. २५ खण, त्यात २२ सोनेरी पट्ट्या. प्रत्येकीचा आकार तिकिटाचा, कडेला तिकिटासारखे दात, आणि बहुतेकींवर राणीचं डोकं. मागे बारीक खुणा आहेत: एक सिंह, एक नांगर, इंग्रजी ‘ई’ अक्षर. नांगर बोटीच्या कंपनीचा असावा. सोनाराने एक पट्टी कडेला घासून पाहिली, आत पांढरी निघाली. म्हणाला, मोडीच्या भावाने घेतो. मुलगा म्हणतो, परदेशात लाखांना जाते. मोठे दीर म्हणतात, तीन भावांत वाटून टाकू. मी दोन पट्ट्या टूथपेस्टने उजळल्या, त्या जरा फिक्या झाल्या. काय करू?
— एक वाचक भगिनी, फोंडा

वहिनी, आधी टूथपेस्ट बाजूला ठेवा. त्या पट्ट्या फिक्या झाल्या, कारण मळाबरोबर सोनंही निघालं. चांदीवर सोन्याचं नुसतं पाणी आहे, आणि ते इतकं पातळ असतं की एका पट्टीवरचं सगळं खरवडून गोळा केलं तरी गुंजभर भरणार नाही. देवाची समई घासतो तशी ही वस्तू घासायची नसते. उरलेल्या वीस पट्ट्या आहेत तशा राहू द्या. बोटांचे डाग असतील तर मऊ सुती कापडाने हलकेच टिपा, घासू नका. उचलतानाही कडेने धरा.

आता नांगर. तो बोटीच्या कंपनीचा नाही. सोन्या-चांदीची शुद्धता तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कार्यालयाची ती खूण आहे, आणि बर्मिंगहॅमला समुद्रच नाही! सांगतात असं की १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफिल्डच्या मंडळींनी स्वतःची तपासणी कार्यालयं मागितली, तेव्हा लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत त्यांच्या बैठका होत. एकाने मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. १९७५ पासून इंग्लंडच्या सगळ्या कार्यालयांनी वर्षाचं अक्षर एकच ठेवलं. ‘ए’ म्हणजे १९७५, तेव्हा तुमचं ‘ई’ म्हणजे १९७९. तेव्हा तिथे ७.७८ ग्रॅमच्या वरची चांदीची वस्तू चांदी म्हणून विकायची तर हे छाप सक्तीचे होते. म्हणजे माल खरा आहे, आणि त्याला जन्मसालही आहे.

हे साल मला जरा चटका लावून गेलं. १९७९ च्या अखेरीस चांदी भडकायला लागली होती. टेक्सासच्या हंट बंधूंनी साठा केला आणि जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेला. मार्चमध्ये तो कोसळला. मधल्या दोन महिन्यांत अमेरिकेत लोकांनी असले संच, चमचे, पदकं पोत्याने आणून वितळवून टाकली. तुमच्या सासऱ्यांनी ऐन चढाच्या काळात पगारातले पैसे घातले असावेत. बोटीवरच्या माणसाने तेव्हा घड्याळ किंवा टेपरेकॉर्डर आणला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी तिकिटं आणली, तीही चांदीची. ह्या माणसाला मी भेटलो असतो तर बरं झालं असतं.

किमतीचं बोलू. एक पट्टी साधारण १५ ग्रॅम भरते असं धरलं, तर २२ पट्ट्यांचे ३३० ग्रॅम. त्याला ०.९२५ ने गुणा: जवळजवळ ३०५ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीचा भाव लावा, आणि सोनार तूट म्हणून थोडं कापेल तेही धरा. हा झाला तळाचा आकडा, याच्या खाली कुणालाही देऊ नका. तुमचा सोनार लबाड नाही. तो धातू विकत घेतो, चित्र नाही, आणि मोडीचा भाव त्याच्या बाजूने रास्तच आहे. फक्त कानस लावण्याआधी त्याने खुणा वाचायला हव्या होत्या, इतकंच.

मुलाच्या लाखांबद्दल: मांडलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत खाडीइतकं अंतर असतं. असे संच हजारोंनी निघाले. आपल्या टपाल खात्यानेही लंडनच्या कंपनीला हाताशी धरून ‘प्राइड ऑफ इंडिया’ नावाने २५ भारतीय तिकिटांचा असाच संच काढला, चांदीवर सोन्याचं पाणी. विकताना ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणतात, पण मर्यादा काही हजारांची असली की पुढच्या पिढीला ती जाणवत नाही. पूर्ण संच, मूळ पेटी, माहितीपुस्तिका आणि प्रमाणपत्र असेल तर शौकीन माणूस चांदीच्या वर काही देतो. सुट्ट्या पट्टीला तो मोडीच्या जवळच येतो. म्हणून तीन भावांत सात-सात वाटून बाविसावीसाठी चिठ्ठी टाकणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार. वाटायचेच तर पैसे वाटा, पट्ट्या नकोत.

आणि वहिनी, तुम्ही भावांचं लिहिलंत, बहिणी आहेत की नाहीत ते लिहिलं नाही. आपल्या गोव्यात लेकीचा वाटा लेकाइतकाच, आणि तो पोर्तुगीज सिव्हिल कोडापासून आहे. पेटी विकायची ठरली तर सगळ्यांना विचारून ठरू द्या. नाहीतर चांदीपेक्षा वकिलाचं वजन जास्त होईल.

एक गोष्ट मात्र मला कळवा. रिकामे तीन खण कितवे आहेत? हे संच बहुधा महिन्याला एक अशा वर्गणीने यायचे. शेवटचे तीन रिकामे असतील तर त्यांनी वर्गणी थांबवली किंवा बोट दूर गेली. मधले रिकामे असतील तर पट्ट्या घरातूनच कुठेतरी गेल्या आहेत.

काका, चांदीचं तिकीट पाकिटाला चिकटवून टाकलं तर पत्र जाईल का?
— इयत्ता आठवी, म्हापसा

नाही जाणार, आणि तिकीटही परत मिळणार नाही! लगडीवर तिकिटाचं चित्र असतं, टपालाचा हक्क नसतो. पण खरोखरीची धातूची तिकिटं निघालेली आहेत. हंगेरीने १९५५ साली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर छापलं, टोंगाने १९६३ मध्ये नाण्यासारखी गोल, सोनेरी वर्खाची तिकिटं काढली, आणि भूतानने १९६९ मध्ये पोलादाच्या पत्र्याची. ती लावून पत्र पाठवता येई. उलट स्कॉटलंडजवळच्या स्टाफा बेटाच्या नावाने सोन्याच्या वर्खाची जी ‘तिकिटं’ मिळतात, ती कुठल्याही टपालात चालत नाहीत. ती दिसायला छान आहेत, एवढंच. तुझा खाऊचा पैसा तिथे घालू नकोस.

ऑनलाइन ‘शुद्ध चांदी, एक औंस’ म्हणून सिंद डाक तिकिटाची लगड घेतली. लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणजे खरीच ना? मुलगी म्हणते, फसलात.
— एक दुकानदार, मडगाव

लोहचुंबकाने एवढंच कळतं की ते लोखंड नाही. पितळ चिकटत नाही, जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो: तांबं, निकेल, जस्त.

मी स्वतः फसलोय, म्हणून सांगायचा हक्क आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी एका परगावच्या विक्रेत्याकडून मी अशीच सिंद डाकची पट्टी मागवली. १८५२ चं ते तिकीट, सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी काढलेलं, अर्ध्या आण्याचं. लाल लाखेवर उठवलेलं पहिलं रूप इतकं ठिसूळ होतं की वाटेत तुकडे पडत, म्हणून पुढे कागदावर काढलं. मूळ तिकीट माझ्यासारख्याच्या नशिबी नाही, तेव्हा चांदीचं तरी असू दे, म्हणून घेतलं. वजन चोख ३१.१ ग्रॅम, म्हणजे सराफी औंस. घरात सगळ्यांना दाखवलं. चार दिवसांनी सहज पाण्यात तोललं आणि तोंड कडू झालं.

तोलायचं असं. सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. लगड बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला लागू देऊ नका. काट्यावर दिसेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा आकडा. लगडीच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी असेल तर साडेदहाच्या जवळ येतं, स्टर्लिंग असेल तर १०.३ ते १०.४. माझ्या पट्टीने ३.६ दाखवले. ३१.१ भागिले ३.६ म्हणजे ८.६. जर्मन सिल्व्हर!

हात बसायला आधी घरातला जुना पोर्तुगीज ‘रुपिया’ तोलून बघा. गोव्यातल्या पुष्कळ घरांत आजीच्या डब्यात तो असतो. १८८१ चा रुपिया कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. पाण्यात १.१३ च्या आसपास दाखवला तर तुमचा हात आणि काटा दोन्ही ठीक.

आपल्या गोव्याचे इतिहासकार दामोदर कोसंबी तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे ठोकलेली, जुनी नाणी अशीच एकेक करून तोलत बसले होते. हातोहात फिरताना नाणं झिजतं, आणि जितकं जास्त फिरावं तितकं हलकं होतं, हे त्यांनी वजनांच्या हिशेबातून मांडलं. तुमची लगड मात्र कधी कुणाच्या हातून फिरलेली नाही. ती औंसाला अर्धा ग्रॅम कमी भरली, तर ‘झिजली असेल’ हे विक्रेत्याचं उत्तर ऐकून घेऊ नका.

पाण्यानंतरही शंका राहिली तर सराफाच्या मशीनवर नेता येते. फक्त सोन्याचं पाणी दिलेली पट्टी नेऊ नका. मशीन वरवरचंच वाचतं आणि भलतंच सांगतं. मुलीला माझा नमस्कार सांगा.

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना बुरशी येते. लगडी कशात ठेवू?
— काणकोण

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका. दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ पारदर्शक प्लास्टिकची स्वस्त पाकिटंही नकोत. ती काही वर्षांत आंबट होतात आणि धातूवर हिरवा चिकटा धरतो. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, जूनपासून दर महिन्याला बदलून. काळेपणा आलाच तर तो चांदीचं पांघरूण समजा.

आपल्या गोव्याच्या जुन्या तिकिटांच्या अशा चांदीच्या लगडी निघाल्यात का?
— साखळी

माझ्या हातात तरी आजवर एकही आलेली नाही, आणि आली तर मी घेईन असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पोर्तुगीज इंडियाचं पहिलं तिकीट १८७१ चं. ठसे इथेच गोव्यात कोरले, छपाईही इथेच. ओबडधोबड आकडे, वाकड्या कडा. त्या वाकडेपणावर माझा जीव आहे, आणि चांदीत उठवताना कारागीर नेमका तोच सरळ करून टाकतो. साधं वापरलेलं एखादं अस्सल तिकीट मिळालं तर ते घ्या, मात्र जाणकाराला दाखवून. या तिकिटांच्या नकला फार आहेत.

ता. क. अंक छापायला जाण्याआधी फोंड्याच्या वहिनींचं दुसरं पत्र आलं. रिकामे खण ४, ११ आणि १७. सासऱ्यांना तीन लेकी, तिघी लग्न होऊन गेल्या. वहिनींनी धाकट्या नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, ‘बाबांनी पाठवणीला हातात ठेवलं होतं, देवघरात आहे.’ दुसऱ्या दोघींकडे वहिनी येत्या रविवारी पेटी घेऊन जाणार आहेत.