वाड्याचे सुट्टीघर करताना छप्पर उतरवण्याआधी वापर लेखी ठरवून घ्यावा

आपला प्रश्न दोनदा वाचला. निपाणीतील आजोळच्या वाड्याची माडी, तिचे सागवानी खांब आणि कौलारू छप्पर तसेच ठेवून आतून आजच्या पद्धतीची करायची, दोन शयनगृहे, खुले स्वयंपाकघर आणि काचेच्या भिंतीची न्हाणी असलेले आलिशान सुट्टीघर पाहुण्यांना भाड्याने द्यायचे, आणि हे सारे आपण पुण्यात राहून एका माणसाकरवी चालवायचे, असा आपला बेत आहे. लाकडी फ्लोअरिंग घ्यावे की घोटीव सिमेंटची जमीन करावी, हे आपण विचारले आहे. मात्र प्रश्नाच्या शेवटी जाता जाता आपण लिहिले आहे की, 'ठेकेदार म्हणतो, दिवाळीनंतर छप्पर उतरवून घेऊ, परवान्याचे मागाहून बघता येईल.' मी उत्तर लिहायला बसले ती या एका वाक्यामुळे.

वारसा नोंद, सिटी सर्वेचा उतारा, भावकीची संमतिपत्रे आणि घरपट्टीच्या पावत्या यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण ते आपण केलेच असेल. मी वकील नाही आणि अभियंताही नाही. आमचा वाडा बेळगावात, शहापूर भागात आहे, निपाणीत नाही. त्यामुळे नियमांचा तपशील आपल्या नगरसभेत निराळा असू शकतो. अनुभव तेवढा माझा आहे.

आमचा बेत आपल्यासारखाच होता. खाली सासूबाई राहतात, आणि वरची माडी पाहुण्यांसाठी करायची होती. छप्पर दुरुस्त करण्याचा अर्ज आम्ही रीतसर दिला होता. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी चौकात उभे राहून चहा घेतला आणि, 'वासे आणि कौले बदलायला परवाना कसला लागतो, खुशाल करा,' असे सांगितले. होळी झाल्यावर कौले उतरवली. जुन्या छपराला हात लावायचा तर हाच काळ योग्य, असे मी आजही मानते. आढे, वासे आणि रीपा मोकळ्या झाल्या, कुजलेली टोके दिसू लागली, सुतार कामाला लागले, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास काम थांबवण्याची नोटीस दारावर लागली. कारण असे दिले होते की, विनापरवाना 'नवीन बांधकाम' चालू आहे.

हे नवीन बांधकाम कुठून आले, ते समजायलाच बरेच दिवस गेले. झाले असे होते की, पाहुण्यांना माडी देण्यासंबंधीची चौकशी आम्ही दुसऱ्या एका अर्जाने केली होती. तो कागद एका टेबलावर आणि दुरुस्तीचा कागद दुसऱ्या टेबलावर होता. पहिल्या टेबलाच्या मते आम्ही लॉज काढत होतो; म्हणून चारही बाजूंनी मोकळी जागा सोडलेला, वाहनतळ दाखवणारा नकाशा त्यांना हवा होता. शहापूरच्या गल्लीतील वाडा दोन्ही शेजाऱ्यांशी सामाईक भिंतीने जोडलेला असतो. तिथे मोकळी जागा सोडायची तर आधी वाडा पाडावा लागतो, आणि तसे आम्हाला अगदी सौजन्याने सुचवण्यातही आले. दुसऱ्या टेबलाच्या मते ते राहते घर होते, म्हणून परवान्याचा प्रश्नच नव्हता. पण तेवढे एक वाक्य लिहून द्यायला ते टेबल तयार नव्हते. त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. कोणी मुद्दाम त्रास दिला असेही मी म्हणणार नाही. जुनी इमारत दुरुस्त करून तिचा वापर अंशतः बदलणे या गोष्टीसाठी त्यांच्या नमुन्यात रकानाच नव्हता, आणि रकाना नसलेली फाइल प्रत्येकजण पुढच्याकडे सरकवत होता.

एवढ्यात वळीव आला. बेळगावचा वैशाखातला वळीव गारांसकट येतो आणि तासाभरात गल्लीची नदी करतो. ताडपत्र्या होत्या, पण ताडपत्री वाऱ्याने सुटली की तिच्या झोळीत साठलेले पाणी एकदम एकाच जागी पडते. माजघरावरची पश्चिमेकडची भिंत कच्च्या विटांची आहे. तिच्या माथ्यावर पाणी उतरले, मृगात ते मुरले, आणि आषाढात तिचा एक मोठा भाग पोट काढून खाली आला. त्यावर टेकलेली नक्षीची तुळई मधोमध तडकली. त्या भिंतीचा आणि तुळईचा खर्च आमच्या नव्या स्वयंपाकघराच्या आणि न्हाण्यांच्या एकत्रित खर्चाच्या आसपास गेला. श्रावणात नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले. ते एका ओळीचे होते, आणि त्यात कारण दिलेले नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आराखड्यावर आणखी एक रुपया खर्च करण्यापूर्वी आपण काय चालवणार आहोत, ते लेखी ठरवून घ्यावे. आपल्या बाबतीत हे माझ्याहून अवघड आहे. केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहावे लागते, आणि जास्तीत जास्त ६ खोल्या, म्हणजे १२ खाटा, देता येतात. आमच्याकडे सासूबाई असल्याने ते जमले. आपण पुण्यात आणि वाडा कुलूपबंद, असे असेल तर त्याला घरगुती निवास म्हणवून घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण तक्रार झाली की सर्वांत आधी तेच पाहिले जाते. आपले मामा खालच्या सोप्यात राहतात, असे आपण ओझरते लिहिले आहे. मालकीत त्यांचा हिस्सा असेल, तर अर्ज त्यांच्या नावाने करावा का, हे वकिलाला आजच विचारावे.

अर्ज कन्नडमध्ये द्यावा. यावर आपल्याकडे किती बोलता येईल, ते मला ठाऊक आहे; पण खिडकीपाशी ती चर्चा काढली तर आपलीच फाइल खाली जाते. दुरुस्ती आणि वापर हे दोन विषय एकाच अर्जात, एकाच नकाशासह मांडावेत, म्हणजे दोन टेबलांची दोन मते होणार नाहीत. कर्नाटकात २०११ चा सकाल कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या सेवांसाठी अर्जाला क्रमांक मिळतो आणि मुदत ठरलेली असते. आपली सेवा त्या यादीत असेल तर तो क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत टळल्यास २००५ च्या माहिती अधिकाराखाली 'माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरे मारले आहेत' एवढेच विचारावे. उत्तरासाठी त्यांना ३० दिवस असतात. आमची फाइल हलली ती या प्रश्नानंतरच. कोणीही तोंडी 'खुशाल करा' म्हटले, तर त्याच दिवशी, 'आपण पाहणीच्या वेळी दिलेल्या सूचनेनुसार काम सुरू करीत आहोत' असे पत्र आवक विभागात देऊन पोच घ्यावी. चहा अवश्य द्यावा, पण पोचही घ्यावी.

वाड्याच्या जवळपास केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल, तर गोष्ट आणखी निराळी होते. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत बांधकामावर नियंत्रण आहे. त्या पट्ट्यात दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते.

जुन्या कागदांविषयी एक गोष्ट सांगते. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, मग मुंबई राज्यात आले आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे आमच्याकडे मोडीपासून कन्नडपर्यंत कागदांचा ढीग होता. मोडी कागद टाकू नयेत. वाडा जुनाच आहे, नवा नाही, हे सिद्ध करायला आम्हाला शेवटी त्यांचाच उपयोग झाला. जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे आणि ते अर्जासोबतच जोडावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. माडीवर घोटीव सिमेंटची जमीन करू नये. जुन्या माडीच्या फळ्यांवर मातीची भर असते. ती १० सेंटिमीटर जाडीची असली, तरी दर चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक वजन तुळयांवर आधीच आहे. ती भर काढून हलकी लाकडी जमीन केली तर तुळया सुटकेचा श्वास घेतील, आणि खालच्या मामांना पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून मध्ये नारळाच्या काथ्याचा थर देता येईल. भर न काढता वर ५ सेंटिमीटर काँक्रीट ओतले, तर आणखी १२० किलोंची भर पडते. शिवाय सिमेंट ओल अडवून धरते, आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोके सर्वांत आधी कुजतात. याच कारणासाठी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीही देऊ नये. मुरवलेला चुना वापरावा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला नाही, तर थांबावे. पण सिमेंटवर भागवू नये.

न्हाणीविषयी माझे मत थोडे टोकाचे आहे. जुन्या भिंतीला पाण्याचा नळ लावूच नये. आम्ही माडीच्या मध्यभागी, चारही भिंतींपासून दूर, पोलादी चौकटीवर स्वतंत्र न्हाणी उभारली, आणि तिचे वजन खाली चौकाच्या कडेला नव्याने घातलेल्या खांबांवर नेले. १००० लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते. तीही त्याच खांबांवर आहे, वाड्यावर नाही. ही न्हाणी उद्या उचलून नेली, तरी वाड्यावर ओरखडाही राहणार नाही. आपल्या आराखड्यातील काचेची भिंत मला आवडली, कारण नवे ते नवेच दिसावे, या मताची मी आहे. जुन्यासारखे दिसणारे नवे कोरीव खांब मात्र घेऊ नयेत. विजेच्या तारांसाठी भिंतीत चर पाडू देऊ नयेत. नळीतून, भिंतीवरून, उघड दिसतील अशा न्याव्यात. उजेड कमी वाटला तर छपरात खिडकी कापण्याऐवजी चार-सहा काचेची कौले बसवावीत. आपल्या पूर्वजांनीही तेच केले होते.

वातानुकूलन यंत्रे लावणार असाल, तर हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा. परदेशी पाहुणा आला, तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ठरलेल्या नमुन्यात कळवावी लागते. ते विसरू नये. दारावर पाटी लावणार असाल, तर राज्याच्या कन्नड भाषा कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार व्यावसायिक पाटीचा ६० टक्के भाग कन्नड असावा लागतो. मराठी नाव उरलेल्या जागेत नीट बसते, त्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही. रोजचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर ठेवले, तर त्यावर जीएसटी १८ टक्के लागतो, म्हणून दर ठरवण्याआधी आपल्या सीएशी बोलावे. बेळगावला डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा शहरात जागा मिळत नाही, आणि आमची माडी तेव्हाच सर्वाधिक चालते. निपाणीला तो लाभ मिळणार नाही. पण पुणे-बंगळुरू महामार्ग दाराशी असल्याने वाटेत एक रात्र थांबणारे मिळतील. मात्र एका रात्रीच्या पाहुण्याला आलिशान दर पटवणे कठीण असते, हेही हिशेबात धरावे.

ठेकेदाराला छपराची आगाऊ रक्कम अजून दिली नसेल, तर देऊ नये. दिली असेल, तर लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही कौल उतरवणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि माघ संपेपर्यंत मंजुरी आली नाही तर छपराचे काम सरळ पुढच्या वर्षावर टाकावे. तोवर आपला हंगाम वाया जाणार नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पश्चिमेच्या भिंतीला खालून हातभर उंचीचा सिमेंटचा पट्टा लिंपलेला दिसतो, आणि त्याच्या वर ओलीचे पापुद्रे सुटलेले आहेत. तो पट्टा काढून घ्यावा आणि भिंत उघडी ठेवावी. एवढ्या कामाला, माझ्या माहितीप्रमाणे, कोणी हरकत घेत नाही, आणि भिंत आतपर्यंत सुकायला एक पूर्ण उन्हाळा लागतोच.